सोंड घेऊन पेंचला

तीन वर्षांपूर्वी स्लीप स्टडी झाली आणि रात्री माझा श्वास तासाला अडतीस वेळा अडखळतो हे कागदावर आलं. तेव्हापासून सीपॅप मशीन, म्हणजे झोपेत घसा मिटू नये म्हणून नाकातून हवा ढकलणारं यंत्र, उशाशी आहे. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळी मशीनला, मशीन भिंतीतल्या प्लगला. घरात नातवंडं त्याला 'सोंड' म्हणतात. सोंडेची तक्रार नाही, पण प्लगची आहे. जिथे प्लग नाही तिथे मुक्काम नाही, असा माझा अलिखित नियम होऊन बसला होता. मित्रांचे तीन ट्रेक आणि एक शेतावरची हुरडा पार्टी मी काहीतरी कारण सांगून टाळली.

यंदा पेंच व्याघ्र प्रकल्पाकडे जाऊ म्हणून भाचा खनपटीला बसला. तो इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला. म्हणाला, "मामा, तीनशे वॉट-अवरचा डबा घेऊ, तुम्ही तंबूत झोपा, मी जबाबदार." डबा म्हणजे हँडल असलेलं पोर्टेबल पॉवर स्टेशन, चार किलोच्या आसपास. वॉट-अवर म्हणजे आत एकूण किती वीज मावते त्याचं माप. आत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, बाहेर घरच्यासारखा एक सॉकेट, गाडीतल्यासारखा एक गोल सॉकेट आणि किती वॉट खर्च होतात ते दाखवणारा छोटा पडदा. ऑक्टोबरच्या शेवटी घरीच चाचणी घेतली. भिंतीतला प्लग काढला, डब्यात लावला, पंख्याखाली रात्रभर झोपलो. सकाळी डब्यात 32 टक्के उरले होते. मी खुश. बायको म्हणाली, "घरात झोपून कॅम्पिंग कळत असतं होय?" तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं.

शुक्रवार : रामटेक, खिंडसी

डिसेंबरातला शुक्रवार, अमावस्या दोन दिवसांवर. आम्ही चौघं: मी, बायको, भाचा आणि त्याची बायको. नागपूरहून निघायला उशीर झाला तो तर्री पोह्यांमुळे. कामठी, कन्हान मागे टाकून मनसरला उजवीकडे वळलो आणि दुपारी रामटेकला पोचलो. गडावर चढताना वानरांच्या टोळीने भाचेसुनेच्या हातातला प्रसादाचा पुडा इतक्या सभ्यपणे काढून घेतला की तिला 'घ्या' म्हणावंसं वाटलं असणार. वरून खाली अंबाळा तलाव, त्यापलीकडे धान कापून मोकळी पडलेली शेतं. उतरताना एका बाईकडून उकडलेले शिंगाडे घेतले. काळ्या सालीला नखाने चीर पाडायची आणि पांढरा गर गरम गरम खायचा. चार जणांत अर्धा किलो गाडीपर्यंत टिकला नाही.

खिंडसीच्या काठापासून थोडं आत एका ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे तंबू ठोकले. शेतावरच्या मावशींनी चुलीवर वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, वरून कच्चं तेल आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. भरतात सांबार इतका की वांगं शोधावं लागलं. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते वेगळं.)

शेकोटीशी बसलो तेव्हा चौकीदार भाऊ आले. मी मशीन जोडत होतो. त्यांनी बराच वेळ निरखलं आणि विचारलं, "साहेब, रातभर वाफारा घेता का जी?"

"वाफारा नाही. हवा आहे, साधी हवा. घसा झोपेत मिटतो ना, तो उघडा ठेवते."

"मंग पाणी काहून भरून राह्यले?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मशीनच्या पोटात पाण्याची डबी असते, खाली तापणारी पट्टी. तिला ह्युमिडिफायर म्हणतात. हवा कोरडी जाऊ नये म्हणून पाणी थोडं कोमट करून त्याची वाफ हवेत मिसळते. माझी नळीसुद्धा तारेने तापणारी आहे. भाऊंना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे वाफाराच झाला ना बाप्पा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पावणेअकराला झोपलो. डबा 100 टक्के. भाच्याने एक जाडसर वायर बॅगेतून काढून दाखवली होती, "मामा, ही डीसीची वायर, यातून लावू का?" मी म्हटलं, राहू दे, घरी ज्या प्लगवर चाललं त्यावरच चालू दे. वायर डिक्कीत गेली.

पहाटे तीन चाळीसला जाग आली ती छातीवर कुणी बसल्यासारखी. मास्क चेहऱ्यावर, हवा बंद. दोन-तीन सेकंद काही कळेना. मग मास्क ओढून काढला आणि तंबूतली थंडगार हवा नाकात शिरली. डब्याचा पडदा काळा. बटण दाबलं, शून्य टक्के एकदा लुकलुकला आणि तोही गेला. मास्कला हवा सुटायची भोकं असतात, त्यामुळे मशीन बंद पडलं म्हणून कुणी लगेच गुदमरत नाही. पण झोपेतून उठलेल्या माणसाला ही माहिती त्या क्षणी उपयोगी पडत नाही.

उरलेली रात्र बॅगेची उशी उंच करून, कुशीवर, अर्धवट जागं राहून काढली. बायको सकाळी म्हणाली, "चारनंतर तुम्ही पुन्हा पूर्वीसारखे घोरत होतात. पलीकडच्या तंबूतून पोरीने दोनदा विचारलं, बाहेर काही जनावर आहे का."

शनिवार : हिशोब, मग सिल्लारी

तळ्यावर धुकं होतं. तंबूत टांगलेल्या थर्मामीटरवर रात्रीचं नीचतम तापमान 9 अंश. भाचा आधी म्हणाला की थंडीने बॅटरी बसली असेल. मग स्वतःच मान हलवली. लिथियमची बॅटरी थंडीत थोडी कमी देते हे खरं, पण 9 अंशांना इतकी नाही. त्याने डबा गाडीच्या सॉकेटला लावला, गाडी चालू ठेवून वीस-पंचवीस मिनिटं जीव भरला, मशीनच्या डबीत थंड पाणी घातलं आणि मला पडदा धरून बसायला सांगितलं.

घरच्यासारखा लावलेला, पाणी आणि नळी दोन्ही तापत असताना: 52 वॉट. नळीचं तापणं बंद केलं: 41. पाण्याचंही बंद केलं: 17. मग डिक्कीतली डीसी वायर काढली, गोल सॉकेटमधून मशीन लावलं आणि डब्यातला घरगुती सॉकेटचा स्विच बंद केला: 9.

मी तो आकडा तीनदा बघितला. हवा ढकलणारा पंखा, ज्यावर माझी झोप चालते, तो नऊ वॉटचा. घरातल्या एलईडी बल्बइतका. बाकी सगळं पाणी गरम करायला आणि वीज एका रूपातून दुसऱ्या रूपात फिरवायला चाललं होतं. डब्यातली वीज डीसी (एकाच दिशेने वाहणारी), घरगुती सॉकेटसाठी डबा तिची एसी (दिशा बदलत राहणारी) करतो, मशीनचा अडॅप्टर पुन्हा तिची डीसी करतो. या येरझारीत आठ वॉट गळतात. आणि ऑक्टोबरात पंख्याखाली 27 अंशांच्या खोलीत पाणी तापवायला फारसं काही लागत नव्हतं, ते 9 अंशांत रात्रभर तापवावं लागलं. माझी घरची चाचणी चुकली नव्हती, ऋतू चुकला होता. बायकोचं वाक्य आठवलं, पण तिने ते पुन्हा उच्चारलं नाही हा तिचा मोठेपणा.

कुणाला असं काही करायचं असेल तर हिशोब सोपा आहे. डब्यावर वॉट-अवर लिहिलेले असतात. त्यातले पंधरा टक्के घरगुती सॉकेट वापरलात तर गळतीत गेले असं धरा. उरलेल्याला पडद्यावरच्या वॉटने भागा, तास निघतात. माझे 300 मधले 255 भागिले 52 म्हणजे पाच तास. पावणेअकरा अधिक पाच म्हणजे पावणेचार. मशीनने पाच मिनिटंसुद्धा फसवलं नव्हतं. ज्या बॅटरीवर फक्त अँपिअर-अवर लिहिलेत तिथे व्होल्टने गुणा: 12 व्होल्ट, 20 अँपिअर-अवर म्हणजे 240. मोबाईलच्या पॉवर बँकेवरच्या मोठाल्या आकड्याला भुलू नका. तो आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा असतो. 20,000 वाल्या बँकेत 74 वॉट-अवर, बस.

आणि वायर. माझं मशीन 24 व्होल्टचं आहे, डब्याचा गोल सॉकेट 12 चा. म्हणून मधे व्होल्ट वाढवणारा कन्व्हर्टर लागतो. काही मशीन थेट 12 वर चालतात. मशीनच्या खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं. पिन बसते म्हणून व्होल्ट जुळतात असं नाही. भाच्याने ती वायर माझ्या मशीनच्या स्टिकरचा फोटो घेऊन मागवली होती, आणि मी ती डिक्कीत टाकली होती.

ह्युमिडिफायर बंद करायचा का, हे मी माझ्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. दोन-चार रात्री चालेल, नाक कोरडं पडलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, असं ते म्हणाले होते. प्रत्येकाचं वेगळं असतं, आपापल्या डॉक्टरांना विचारा. प्रेशरच्या सेटिंगला मात्र बॅटरी वाचवायला म्हणून हात लावू नका.

दहा वाजता निघालो. मनसर, तिथून जबलपूरचा हायवे, देवलापारच्या दिशेने. या रस्त्यावर जंगलातला टप्पा खांबांवर उचलून घेतला आहे. वर ट्रक, खालून वाघ, चितळ, रानडुकरं. आपण वरून जाताना खाली कोण चाललंय ते कळत नाही. डबा मागच्या सीटवर गाडीच्या सॉकेटला लावलेला होता, तासाभरात 37 टक्के झाला. गाडी बंद असताना हे करू नका. सकाळी डबा भरलेला आणि गाडी धक्का मारून सुरू करायची, अशी पाळी येते.

सिल्लारीजवळच्या गावात एका घराच्या कुंपणाच्या आत, अंगणात तंबू ठोकायची सोय होती. कुंपणाच्या आत हे महत्त्वाचं. हा पेंचच्या जंगलाभोवतीचा पट्टा, बफर झोन आहे, इथे वाघ फिरायला येतात आणि मोकळ्या रानात तंबू टाकायला कुणी देत नाही, देऊही नये. दुपारी गावात वीज गेली. भाच्याने घडीचं 60 वॉटचं सोलर पॅनल अंगणात उभं केलं. बारा ते तीन ते साधारण तीसेक वॉट देत होतं, हिवाळ्यातलं तिरकं ऊन. मधेच एका सागाच्या फांदीची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर आली तर आकडा थेट पाचवर. पाव भागावर सावली म्हणजे पाव वीज कमी, असं नसतं हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. दर अर्ध्या तासाला पॅनल सरकवायची ड्युटी मला लागली. तीन वाजता डबा 65 वर.

जेवायला वडा भात होता. डाळीचे जाडे भरडे वडे भातावर कुस्करून, वरून मोहरी-हिंग-लसणाची कडकडीत फोडणी. शेजारच्या तंबूत नागपूरचंच एक कुटुंब होतं. त्यांनी डबा बघितला आणि हळूच विचारलं, वडिलांना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं मशीन) लागतो, यावर चालेल का, त्यांना एकदा इकडे आणायचंय. भाच्याने मशीन किती लिटरचं ते विचारलं. पाच. घरी प्लगवर चालणारं ते मशीन साडेतीनशे वॉटच्या आसपास घेतं, म्हणजे आमचा डबा पाऊण तासही पुरणार नाही. त्यांचा चेहरा पडला. खांद्याला लटकवायची, स्वतःची बॅटरी असलेली छोटी मशीन मिळतात, पण ती सगळ्यांना पुरतात असं नाही, ते छातीच्या डॉक्टरांना विचारूनच करा, असं आम्ही सांगितलं. आणि ऑक्सिजन असेल तिथे शेकोटी नाही. ज्याचा श्वास पूर्ण मशीनवर आहे त्याने असल्या डब्याच्या भरवशावर जंगलात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. माझं मशीन बंद पडलं तर मी घोरतो. त्यांचं बंद पडलं तर गोष्ट वेगळी.

रात्री आकाश. पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी 2024 मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. गावांतल्या दिव्यांची तोंडं जमिनीकडे वळवलेली आहेत, उजेड वर सांडत नाही. नागपुरात माझ्या गच्चीवरून कृत्तिका म्हणजे एक धुरकट ठिपका. इथे सहा मोजल्या, भाचेसून सात म्हणते. मृग पूर्वेला वर आला, त्याच्यापुढे रोहिणी लालसर. घरमालकांनी डोक्यावर बोट दाखवून देवयानीचा पुंजका दाखवला. नुसत्या डोळ्यांना तो फुंकर मारून पुसल्यासारखा दिसतो आणि ती अख्खी दुसरी दीर्घिका आहे.

आणि या सगळ्या अंधारात माझ्या तंबूत निळा उजेड. डब्याचा पडदा आणि मशीनचं बटण. घरमालक काही बोलले नाहीत, फक्त तंबूकडे बघितलं. भाच्याने काळी इन्सुलेशन टेप काढली आणि दोन्ही डोळे मिटवले. ही टेप बॅगेत ठेवाच.

साडेदहाला मास्क लावला. पाण्याची डबी रिकामी, नळी गोधडीच्या आतून घेतली म्हणजे हवा थोडी तरी ऊब घेऊन येते. पहिले दोन श्वास नाकात बर्फाची सुई गेल्यासारखे. मग सवय झाली. डबा जमिनीवर न ठेवता सतरंजीच्या घडीवर ठेवला होता. पहाटे मी उठलो ते मशीनमुळे नाही, कुठेतरी चितळ ओरडत होतं म्हणून. मास्क तोंडावर, हवा चालू. टेपचा कोपरा उचलून बघितलं: 43 टक्के. साडेसहा तासांना 22 टक्के. याच हिशोबाने आणखी दीड-दोन रात्री निघाल्या असत्या.

रविवार : परतताना

नाक कोरडं होतं, घसा थोडा खरखरीत. बाकी झकास. आवरताना मावशींनी दिलेल्या शिळ्या भाकरीचा कुस्करा चहाबरोबर खाल्ला.

दोन-तीन बारक्या गोष्टी इथेच लिहून टाकतो. हा तीनशेचा डबा विमानात नेता येत नाही. 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी हातातल्या सामानात चालते, 160 पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्यावर नाही. आणि आम्ही डिसेंबरात गेलो. बायकोचं इन्सुलिनचं चालू पेन खिशात फिरलं तरी काही बिघडलं नाही. मे महिन्यात, नागपूरच्या 45 अंशांत, तेच पेन गाडीत ठेवलं असतं तर फेकावं लागलं असतं. तेव्हाची सहल वेगळ्या तयारीची, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी घराबाहेर पडत नाही.

परतीच्या वाटेवर खिंडसीला थांबलो, शुक्रवारी विसरलेली थर्मासची बाटली घ्यायला. चौकीदार भाऊ वाट बघत होते. सोबत त्यांचा मोठा भाऊ, पन्नाशीचा, गळा जाड, डोळे लालसर.

"साहेब, तुमी सांगतलं ना थे. आमच्या भाऊचं बी तसंच हाय. रात्री घोरता घोरता एकदम बंद पडते. मंग दचकून उठते. आमी समजो, भूतबाधा हाय."

मी गाडीतून मशीन काढलं आणि बोनेटवर ठेवलं. डब्यात 43 टक्के होतेच. मोठ्या भावाच्या तळहातासमोर नळी धरून चालू केलं. त्याने हात मागे-पुढे केला, हवेचा जोर बघितला. मग विचारलं, दिवसा झोप येते हे त्याच्यातच मोडते का. बैलबंडीवर दोनदा झोप लागली होती म्हणाला. मी म्हटलं, हो, त्याच्यातच. नागपूरला मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत छातीच्या विभागात दाखवा, तिथे सांगतील पुढे काय करायचं, आधी तपासणी लागते, माझं बघून मशीन घेऊ नका. त्याच्या मोबाईलमध्ये भाच्याने नीट लिहून दिलं.

तो अजून नळीकडे बघत होता.

"हे लावलं का झोप लागते?"

"लागते."

"मले तं आताबी लागते जी," तो म्हणाला. "बायकोले लागत नाही."

माझी बायको गाडीतून उतरली आणि त्याला म्हणाली, "त्यांना घेऊन या हो नागपूरला. दोघांनी या."